सिस्मिक सर्वेक्षणाआधी मच्छीमारांशी बोलायचे ते कधी, कोणाशी आणि कशाबद्दल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही तेल कंपनीच्या कंत्राटदाराकडे पर्यावरण अधिकारी आहात आणि मुंबईच्या पश्चिमेला एका ब्लॉकमध्ये, म्हणजे तेल शोधण्यासाठी आखून दिलेल्या समुद्राच्या तुकड्यात, नोव्हेंबरपासून सिस्मिक सर्वेक्षण, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडून समुद्रतळाखालचे तेल-वायू शोधण्याची पाहणी, सुरू होणार आहे. मे महिन्यात तुम्ही मत्स्यव्यवसाय विभागाला आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमार सहकारी संस्थांना पत्रे पाठवलीत, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात दिलीत आणि महिनाभर थांबलात. कोणाचेच उत्तर आले नाही. आता नारळी पौर्णिमा उलटल्यावर दोन गावांच्या संस्था म्हणतात की जहाज येऊ देणार नाही, आणि दर बोटीमागे सरसकट भरपाई द्या. तुमचे वरिष्ठ म्हणतात, प्रक्रिया पूर्ण झाली आहे. तुम्ही विचारता की ही सल्लामसलत पुरेशी होती का, आणि भरपाईच्या मागणीला काय सांगायचे.

पुरेशी नव्हती. पत्रे कमी पडली किंवा जाहिरात लहान होती, हे मात्र त्याचे कारण नाही. तुम्ही पत्र पाठवले तेव्हा जहाज ठरले होते, तारखा ठरल्या होत्या आणि सर्वेक्षणाच्या रेषाही आखून झाल्या होत्या. समोरच्याने उत्तर दिले असते तरी तुम्ही त्यात काय बदलू शकला असता? या एका प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'काहीच नाही' असे असेल, तर तुम्ही केले ते कळवणे होते. कळवणेही गरजेचे असते, पण त्याला सल्लामसलत म्हणता येत नाही, आणि मच्छीमारांना हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

पश्चिम किनाऱ्यावर बरीच वर्षे मी कंपन्या आणि मच्छीमार यांच्यामध्ये समन्वयाचे काम केले आहे, कधी कंपनीच्या बाजूने, कधी संस्थांच्या. पुढचे सगळे त्या अनुभवातून लिहिते आहे. तुमचा ब्लॉक किती वाव (मच्छीमारांचे खोलीचे माप) पाण्यात आहे, किनाऱ्यापासून किती दूर आहे, सर्वेक्षण जहाजामागे आवाज टिपणाऱ्या केबल ओढून होणार की समुद्रतळावर नोड, म्हणजे तेच काम करणारी यंत्रे, ठेवून, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. तुम्ही ते लिहिलेले नाही. केबल ओढणारे जहाज आहे असे धरून मी लिहिते. नोड असतील तर काय बदलते ते ओघात येईल.

आधी कायदा, कारण तुमचे वरिष्ठ त्याच्याच आधाराने बोलत आहेत. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत, क्षेत्राला प्रत्यक्ष पाहणीची पूर्वपरवानगी असेल तर ड्रिलिंग नसलेल्या सर्वेक्षणाला सूट आहे. जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने तेल आणि वायूचे अन्वेषण 'बी-२' वर्गात टाकले, आणि त्या वर्गाला जनसुनावणी लागत नाही. शिवाय राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याची हद्द १२ नॉटिकल मैलांपर्यंत, आणि तुमचा ब्लॉक बहुधा तिच्या बाहेर. म्हणजे कागदावर तुमचे वरिष्ठ बरोबर असू शकतात. पण तुमच्या ब्लॉकमध्ये जाळी टाकणारी बोट राज्यात नोंदलेली आहे, तिचा परवाना राज्याचा, डिझेलवरची सवलत राज्याची, आणि ती अडली तर दाद मागायला माणूस जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांच्याच दारात जातो. कायद्याने जिथे विचारायला लावलेले नाही तिथे विचारण्याची जबाबदारी तुमच्यावर जास्त येते, कारण तुमच्यानंतर विचारणारा दुसरा कोणी नाही.

इतर देशांत हे कुठवर गेले आहे ते वरिष्ठांना दाखवा, उपयोग होईल. ऑस्ट्रेलियात तेल कंपनीला पर्यावरण आराखडा मंजूर करून घेण्याआधी ज्यांच्या कामावर, हितसंबंधांवर किंवा व्यवहारांवर परिणाम होऊ शकतो अशा प्रत्येकाशी सल्लामसलत करावी लागते. त्यांना पुरेशी माहिती आणि वाजवी मुदत द्यावी लागते, आणि आलेल्या प्रत्येक हरकतीचे काय केले ते लिहून नियामकापुढे ठेवावे लागते. २०२२ साली बारोसा वायुक्षेत्राच्या प्रकरणात तिथल्या फेडरल न्यायालयाने सँटोस कंपनीचे अपील फेटाळले आणि ड्रिलिंगची मंजुरी रद्द राहिली, कारण टिवी बेटांवरच्या आदिवासींशी नीट सल्लामसलत झाली नव्हती. ते प्रकरण मच्छीमारांचे नव्हते. पण त्यानंतर 'आम्ही मेल पाठवला होता' हे वाक्य त्या देशात कोणी बिनधास्त उच्चारत नाही. याची दुसरी बाजूही आहे. तिथल्या मच्छीमारांवर कंपन्यांच्या पत्रांचा इतका मारा होतो की वाचायलाच माणूस ठेवावा लागतो, आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियातली मच्छीमार परिषद हे काम कंपन्यांकडून शुल्क घेऊन करते. मला ते योग्य वाटते. तुमचा दीडशे पानांचा अहवाल वाचायला तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, एक फेरी बुडवावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता तुमच्या पत्रांना मिळालेल्या मौनाकडे येऊ. महिनाभर उत्तर का आले नाही?

तुमचे पत्र मे महिन्यात गेले. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे मे म्हणजे हंगामाची शेवटची धावपळ. बंदीआधी जे मिळेल ते आणायला प्रत्येक बोट पाण्यात असते. संस्थेच्या कार्यालयात तेव्हा एक कारकून असतो, आणि तो डिझेल आणि बर्फाच्या हिशेबात बुडालेला असतो. पत्र इंग्रजीत असणार. ब्लॉकचे कोपरे अंश-मिनिटे-सेकंदात किंवा सर्वेक्षकांच्या मीटरच्या जाळ्यात दिलेले असणार. तांडेलाच्या जीपीएसवर मात्र अंश आणि दशांश मिनिटे दिसतात. खोली मीटरमध्ये दिली असेल, आणि तो वावात बोलतो. त्या कागदावरून आपली कव, म्हणजे जाळे बांधण्याची समुद्रातली ठरलेली जागा, त्या चौकोनात येते की नाही हे कोणालाही कळले नसते. ज्याला आपला संबंध आहे हेच कळले नाही तो उत्तर काय देणार?

आणि पुढचे दोन महिने, म्हणजे जून-जुलै, ही सल्लामसलतीची सर्वांत चांगली वेळ होती. बोटी वर ओढलेल्या, तांडेल आणि नाखवे (बोटींचे मालक) जाळी विणत, सांधत घरी. त्या दोन महिन्यांत एकेका बंदरावर बसून जे कळते ते नंतर वर्षभर धावाधाव करूनही कळत नाही. तुम्ही तो काळ हातचा जाऊ दिलात. तो आता परत येणार नाही, पण पुढच्या कोणत्याही प्रकल्पासाठी हे वेळापत्रकात आधीच लिहून ठेवा: गावबैठका जून-जुलैत, रेषा त्यानंतर आखायच्या.

मग आता काय? आता भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी मंद असण्याचे, दिवस धरा. डोलीची, म्हणजे खुंटाला बांधलेल्या जाळ्यांची, मासेमारी उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेजवळच्या मोठ्या भरतीच्या) ओढीवर चालते. अष्टमीच्या पुढे-मागे पाणी मंदावते तेव्हा डोलीच्या बोटी बऱ्याचशा किनाऱ्याला असतात. बैठकीची तारीख कॅलेंडरमधल्या तिथीवरून ठरवा. गणपतीचे दिवस सोडा. बैठक शहरातल्या हॉटेलात नको, संस्थेच्या सभागृहात किंवा बंदरावरच्या लिलावाच्या शेडमध्ये घ्या, आणि लिलाव संपल्यावरची वेळ द्या.

कोणाशी बोलायचे हा याहून अवघड भाग आहे. कंपन्यांना एक माणूस हवा असतो, एक अध्यक्ष, एक सही. संस्थेचे चेअरमन महत्त्वाचे आहेतच, त्यांना टाळून गावात शिरू नका. पण चेअरमन अनेकदा बोटीचे मालक असतात आणि वर्षानुवर्षे समुद्रात गेलेले नसतात. कोणत्या महिन्यात जाळी कुठे असते हे तांडेलाला माहीत. सर्वेक्षणामुळे फेऱ्या बुडाल्या तर ज्याचा वाटा जातो तो खलाशी, आणि तो आता बऱ्याच वेळा परराज्यातला असतो, संस्थेचा सभासदही नसतो. बोंबील आणि जवळा सुकवून विकणाऱ्या बायकांचा धंदा तर संपूर्णपणे येणाऱ्या मालावर. त्यांना सभेत मागच्या रांगेत बसवून 'सगळे हजर होते' असे लिहू नका. त्यांच्याशी वेगळे बोला, सुकवणीच्या वलांडीपाशी जाऊन. मोसमातला कोणता पंधरवडा त्यांच्यासाठी मोलाचा आहे हे मला प्रत्येक वेळी त्यांच्याकडूनच जास्त नेमके कळले आहे.

आणखी एक. तुमच्या ब्लॉकसमोर जे गाव दिसते तेच तिथे मासेमारी करते असे समजू नका. सातपाटीची बोट कुठवर जाते, उत्तन-वसईकडच्या कवी कुठे मारलेल्या असतात, गुजरातमधल्या जाफराबादच्या डोलीच्या बोटी कुठपर्यंत उतरतात, हे गावाच्या हद्दीवरून ठरत नाही. पालघर आणि उत्तन-वसईच्या मच्छीमारांमध्ये कवींवरून जुना वाद आहे. अशा पाण्यात तुम्ही एकाच गावाशी करार केलात, तर 'हे पाणी कोणाचे' या भांडणात तुम्ही नकळत एका बाजूने साक्ष देता. म्हणून आधी बोटी शोधा, गावे त्यांच्यावरून सापडतील. बंदरावरचे टोकन (बोटीच्या जाण्या-येण्याची नोंद), परवाना अधिकाऱ्यांकडची नोंद, जिथे बोटीचा ठावठिकाणा कळवणारे ट्रान्सपॉन्डर बसले आहेत तिथे त्यांचा माग आणि तांडेलांनी स्वतः नकाशावर दाखवलेली जागा, हे सगळे एकत्र ठेवल्यावर चित्र उभे राहते.

बैठकीत काय विचारायचे? 'तुमची काही हरकत आहे का' हा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर 'आहे' असेच येणार आणि संवाद तिथेच संपणार. जाळ्यांच्या प्रकाराने विचारा, कारण तुमच्या जहाजाचा त्रास प्रत्येक जाळ्याला वेगळा होतो.

हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळा पेच इथेच आहे. सिस्मिक जहाज मागे सहा-आठ किलोमीटर लांबीच्या केबल ओढते, अनेक केबल एकमेकींना समांतर, पाण्याच्या पृष्ठभागाखाली काही मीटरवर. वेग चार-पाच नॉट. ते पटकन थांबू शकत नाही आणि पटकन वळूही शकत नाही. एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर जायला काही तास लागतात. दिवस-रात्र काम चालते, दर काही सेकंदांनी एअरगनचा, म्हणजे दाबलेली हवा एकदम सोडणाऱ्या यंत्राचा, आवाज होतो. आता यापुढे डोल ठेवून पाहा. डोल ही खुंटावर बांधलेली जाळी, तिची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. ती 'उद्या सकाळपर्यंत हलवा' असे सांगून हलत नाही. भांगात जाळे उचललेले असले तरी खुंट आणि त्याची बोयी तिथेच असते, आणि केबल त्यात अडकली तर दोघांचेही नुकसान. डोलकऱ्याला म्हणून रेषांचा नकाशा निदान काही उधाणे आधी हवा.

गिलनेटवाल्याचे वेगळे. पापलेटसाठी तो रात्री लांबच लांब जाळी सोडतो आणि ती प्रवाहाबरोबर वाहतात. संध्याकाळी जाळे तुमच्या रेषेपासून लांब असते, पहाटे ते नेमके रेषेवर आलेले असते. त्याला महिन्याआधीचा नकाशा फारसा उपयोगी नाही. त्याला रोज दुपारी, बोट जाळे टाकायच्या आधी, पुढच्या चोवीस तासांत जहाज कुठे असेल हे कळायला हवे. ट्रॉलर (जाळे ओढत नेणाऱ्या बोटी) आणि पर्ससीन (माशांच्या थव्याला जाळ्याने वेढणाऱ्या बोटी) बाजूला होऊ शकतात, त्यांचा प्रश्न बाजूला होऊन जायचे कुठे हा आहे. ते जिथे सरकतील तिथे आधीच दुसऱ्याची जाळी असतात, आणि मग भांडण मच्छीमारांमध्येच लागते. हे नुकसान कंपनीच्या कोणत्याही अहवालात दिसत नाही. नोड ठेवायचे असतील तर उलट होते. वर पाणी बरेचसे मोकळे राहते, पण तळावर ओढणाऱ्या ट्रॉलरला ते क्षेत्र काही आठवडे बंद होते.

मोसमाचा पेच याहून मोठा आहे. पावसाळ्यात लाटांमुळे तुमची नोंद बिघडते, म्हणून सर्वेक्षण ऑक्टोबर ते मे. बंदीनंतर मच्छीमारांचाही हंगाम तोच. म्हणून 'मासेमारी बंद असताना करा' ही सूचना सभेत हमखास येते आणि तिला 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' एवढेच उत्तर देऊन लोक पुढे जातात. का शक्य नाही ते नीट सांगा. समुद्र त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतो, जूनमधल्या लाटा त्यांना समजावाव्या लागत नाहीत. मग पुढचे विचारा: या सात-आठ महिन्यांत कोणते आठवडे तुम्हाला सर्वांत कमी दुखतील? उत्तरे मिळतात. शिमग्याला बोटी घरी येतात. कोळीवाड्यातली होळी हा हंगामातला खरा विसावा, काही दिवस पाणी बऱ्यापैकी रिकामे असते. सर्वांत दाट मासेमारीच्या पट्ट्यातल्या रेषा त्या दिवसांसाठी राखून ठेवता येतात. भांगात कवींच्या जवळचा भाग, उधाणात दूरचा, असाही क्रम लावता येतो. रेषांची दिशा बदलणे महाग पडते, कारण ती खडकांच्या रचनेवरून ठरते. पण त्याच रेषा कोणत्या क्रमाने करायच्या यात कंत्राटदाराच्या हातात बरीच मोकळीक असते. हे तुमच्या जहाजाच्या पार्टी चीफला, म्हणजे सर्वेक्षणाच्या प्रमुखाला, विचारा. बैठकीला जाण्याआधी विचारा, म्हणजे हातात काहीतरी देण्यासारखे घेऊन जाल.

आता भरपाई. दर बोटीमागे सरसकट रक्कम मागितली म्हणून तुमचे वरिष्ठ चिडले आहेत, असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. चिडण्याचे कारण नाही. ज्याला आधी कोणी काही विचारलेले नाही त्याच्याकडे मोजायला दुसरे काही नसते, म्हणून तो बोटी मोजतो.

मागणीचे तीन भाग वेगळे करा. पहिला, जाळ्याचे किंवा बोटीचे प्रत्यक्ष नुकसान. यात वाद कमीत कमी असायला हवा: वेळ, जागा, फोटो, गार्ड बोटीची (जहाजासोबत राखणीला फिरणाऱ्या बोटीची) नोंद, आणि ठरलेल्या दिवसांत पैसे. जाळ्याचा दर सर्वेक्षण सुरू होण्याआधीच संस्थेबरोबर लिहून ठेवा, नवे किती, वापरलेले किती. एका कंपनीच्या सर्वेक्षणात जाळ्यांचे दावे वर्षभर कार्यालयात पडून राहिलेले मी पाहिले आहेत. त्या गावात त्यानंतर कोणत्याही कंपनीला बैठकीसाठी सभागृह मिळाले नाही.

दुसरा भाग, बुडालेले दिवस किंवा दूर जावे लागल्याने वाढलेला खर्च. हे मोजता येते. टोकनवरून बोट कधी निघाली, कधी आली ते कळते. संस्थेकडे डिझेल आणि बर्फाच्या नोंदी असतात, विक्रीच्या पावत्या असतात. आधीच्या दोन-तीन वर्षांतला तोच पंधरवडा, तिथीने तोच, घेऊन तुलना करा. इंग्रजी तारखेने केलेली तुलना डोलीला लागू पडत नाही, कारण एका वर्षी त्या तारखेला उधाण असते आणि दुसऱ्या वर्षी भांग.

तिसरा भाग, मासळी पळाली किंवा कमी झाली. इथे छातीठोकपणे कोणीच बोलू नये, तुम्हीही नाही. बॅरेंट्स समुद्रातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष नॉर्वेच्या संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केले. सर्वेक्षणाच्या काळात कॉड आणि हॅडॉकची ट्रॉलमधली पकड सरासरी सुमारे निम्म्याने घटली, परिणाम १८ नॉटिकल मैलांपर्यंत दिसला आणि एअरगन थांबल्यावर पाच दिवसांतही पकड पूर्ववत झाली नाही. त्याच देशातल्या पुढच्या एका अभ्यासात, जो २०१२ साली प्रसिद्ध झाला, काही जातींची गिलनेटमधली पकड सर्वेक्षणाच्या काळात उलट वाढली आणि लाँगलाइनची (गळ लावलेल्या लांब दोरीची) घटली. मासे अस्वस्थ होऊन जास्त फिरले की जाळ्यात जास्त लागतात आणि गळाला कमी. २०१७ साली टास्मानियाजवळच्या प्रयोगात एअरगनपासून १.२ किलोमीटरपर्यंत प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) मेलेले आढळले. नंतर नॉर्वेतल्या कोपेपॉडवरच्या (प्राणिप्लवकातल्याच एका गटावरच्या) प्रयोगात तसा परिणाम अगदी जवळच, दहा मीटरच्या आत दिसला. हे सगळे थंड पाण्यातले, दुसऱ्या जातींचे आकडे. ते बोंबील आणि जवळ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण 'काहीही परिणाम होत नाही' हे तुमच्या माहितीपत्रकातले वाक्य या अभ्यासांपुढे टिकत नाही. ते काढा. त्याऐवजी संस्थेला सांगा की सर्वेक्षणाच्या आधी, चालू असताना आणि नंतर आपण मिळून पकड नोंदवू, आणि घट दिसली तर तिचे काय करायचे हे आजच लिहून ठेवू.

संस्था तुम्हाला एक दाखला हमखास देतील. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली राज्याला प्रकल्पबाधित मच्छीमारांसाठी भरपाईचे धोरण आखायला सांगितले आणि २०२३ साली राज्याने ते आणले. खाडीतल्या कायमच्या बांधकामाचा हिशेब खोल पाण्यातल्या काही आठवड्यांच्या सर्वेक्षणाला तसाच लागत नाही. तरी 'हे पाणी आमच्या पोटाचे आहे आणि ते अडवले तर देणे लागता' हे तत्त्व आता वादाचे राहिलेले नाही, एवढे मान्य करूनच बोलायला बसा.

पैशाबाबत दोन गोष्टींवर मी कधीही तडजोड करणार नाही. भरपाईच्या बदल्यात 'आमची हरकत नाही' अशी सही घेऊ नका. नुकसान झाले तर पैसे देणे लागता, सही असो वा नसो. आणि सीएसआरमधले, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीतले, सौरदिवे किंवा बर्फाचा कारखाना भरपाईच्या खात्यात दाखवू नका. ज्याच्या चार फेऱ्या बुडाल्या त्याचे घर दिव्याच्या खांबाने चालत नाही. रक्कम मालकाच्या खात्यात गेली तर खलाशाचा वाटा कसा जाईल हेही करारात लिहा. बोटीवर वाट्याची पद्धत असतेच, तीच धरा.

एक गोष्ट वरिष्ठांना आवर्जून सांगा. सर्वेक्षण ही सुरुवात आहे. तेल सापडले तर पुढे तीस-चाळीस वर्षे याच लोकांसोबत राहायचे आहे. मुंबई हायचा शोध १९७४ साली लागला, १९७६ पासून उत्पादन सुरू आहे, आणि प्लॅटफॉर्मभोवतीच्या ५०० मीटरच्या सुरक्षा क्षेत्राचा वाद आजही चालू आहे. प्लॅटफॉर्मच्या पायांभोवती मासळी जमते, तांडेलाला ते माहीत असते, म्हणून बोटी जवळ जातात. ते क्षेत्र का हवे याचे उत्तर २७ जुलै २००५ ला मिळाले. त्या दिवशी बॉम्बे हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर एक सहायक जहाज आदळले, रायझर (तेल-वायूचा उभा नळ) फुटून आग लागली आणि २२ माणसे गेली. पाइपलाइनचा धोका मच्छीमारालाच जास्त. स्कॉटलंडची 'वेस्टहेवन' ही मासेमारी बोट १९९७ साली उत्तर समुद्रात जाळ्याचे साहित्य पाइपलाइनला अडकून बुडाली आणि चौघे जण गेले. हे नुसते 'प्रवेश निषिद्ध' म्हणून सांगितले तर कोणी ऐकत नाही. आज जो तांडेल तुमच्या नकाशावर स्वतःची कव दाखवतो, तोच उद्या पाइपलाइनची जागा आपल्या जीपीएसमध्ये टाकून घेईल.

तुमच्या हातात आता जेमतेम तीन महिने आहेत. मी तुमच्या जागी असते तर पहिल्या पंधरवड्यात दोन्ही संस्थांच्या चेअरमनना स्वतः जाऊन भेटले असते आणि सांगितले असते की मे महिन्यातले पत्र सल्लामसलत म्हणून आम्ही मोजत नाही, पुन्हा सुरुवात करतो. कंपनीतला निर्णय घेऊ शकणारा एक माणूस सोबत नेला असता; 'वर विचारून सांगतो' हे प्रत्येक प्रश्नाला ऐकले की लोक उठून जातात. तटरक्षक दलाचा अधिकारी पहिल्या बैठकीला नको. सुरक्षेच्या बैठकीला तो हवाच, पण पहिल्याच दिवशी गणवेश दिसला की लोक याला धमकी समजतात, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही.

मराठी नकाशा करा, खोली वावात, ओळखीच्या खुणांसह, जीपीएसला लागतील तशा आकड्यांत. पहिल्या भांगात तो दाखवून तांडेलांकडून जाळ्यांच्या जागा त्यावर काढून घ्या. दुसऱ्या भांगात बदललेला क्रम घेऊन परत जा, आणि जे बदलले नाही त्याचे कारणही घेऊन जा. ही दुसरी भेट बहुतेक कंपन्या देत नाहीत, आणि विश्वास बसायचा तो तिथेच बसतो. झालेल्या चर्चेची नोंद मराठीत करा: कोणी काय मांडले, आपण काय मान्य केले, काय नाही आणि का. ती सभेत मोठ्याने वाचा आणि प्रत संस्थेत ठेवा.

सर्वेक्षण चालू असताना रोजची माहिती कशी जाईल तेही आत्ताच ठरवा. सागरी इशारे आणि नॅव्हटेक्स संदेश मोठ्या जहाजांना पोहोचतात, बारा-चौदा मीटरच्या बोटीला नाही. तिच्यासाठी दुपारी संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर मराठीत आणि गुजरातीत बोललेला संदेश, आणि समुद्रात व्हीएचएफवर (बोटीवरच्या रेडिओवर) ठरलेल्या वेळी तोच पुन्हा. जहाजावर स्थानिक मासेमारी कळणारा माणूस चोवीस तास हवा. नॉर्वेत सिस्मिक जहाजावर असा मासेमारीतला जाणकार ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे नियम नाही म्हणून ठेवू नये असे कुठे आहे? निवृत्त तांडेल या कामाला उत्तम. दूरवर दिसणाऱ्या बोयीवरून ते जाळे कोणत्या गावचे आणि किती लांब पसरलेले असेल हे त्याला सांगता येते, आणि व्हीएचएफवर त्याचा आवाज ओळखीचा असतो.

गार्ड बोटी त्याच गावांमधून घ्या ज्यांची जाळी तिथे असतात, संस्थेच्या ठरावाने आणि पाळीपाळीने. सगळ्या एकाच घराच्या घेऊ नका. हे करार मात्र या आठवड्यातच करायला घ्या. हंगामाने एकदा जोर धरला की चांगला तांडेल तुमच्या भाड्यासाठी किनाऱ्यावर थांबून राहत नाही.